कुंडीतल्या मिरचीच्या रोपांची पाने पिवळी पडतात तेव्हा: आधी पाणी, मग मुळे, शेवटी खत

खिडकीत, बंद बाल्कनीत किंवा एलईडीखाली वाढवलेल्या, साधारण दोन ते आठ आठवड्यांच्या मिरचीच्या रोपांसाठी ही तपासणी आहे. टोमॅटो, वांगी आणि ढोबळी मिरची त्याच कुळातली असल्यामुळे त्यांनाही ती जवळजवळ तशीच लागू पडते. पान पिवळे दिसले की हात खताच्या डब्याकडे जातो. तो आधी कुंडीखाली जायला हवा, कारण कोवळ्या रोपाचे पिवळेपण बहुतेक वेळा उपासमारीचे नसून पाण्याचे असते. गुदमरलेल्या मुळांना खत घातले, तर दोन दिवसांत सावरले असते ते रोप आठवड्यात मरते.

लक्षणे ओळखा

पहिला प्रश्न: पिवळेपण बुडाजवळच्या जुन्या पानांत आहे की शेंड्याच्या नव्या पानांत? नत्र आणि मॅग्नेशियम रोपाच्या अंगात फिरू शकतात. टंचाई आली की रोप जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देते, म्हणून जुनी पाने आधी फिकी पडतात. लोह एकदा पानात बसले की तिथून हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्यावर दिसते. एवढे पाहिले तरी अर्धे निदान होते.

- सर्वांत खालची दोन लांबट बीजदले पिवळी, बाकी रोप हिरवेगार: चार-पाच आठवड्यांनंतर हे होतेच. काही करू नका.
- खालची पाने पिवळी, सगळे रोप लोंबलेले, माती मात्र ओली: जास्त पाणी, मुळांना हवा नाही.
- पाने मलूल आणि पातळ, कडा कुरकुरीत, कुंडी उचलली तर हलकी: कमी पाणी, किंवा घातलेले पाणी मातीत न मुरता वाहून जाते आहे.
- शेंड्याची पाने पिवळी, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. यामागे बहुधा बोअरचे पाणी असते.
- जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा: मॅग्नेशियमची कमतरता. कोकोपीटमध्ये हे जास्त दिसते.
- खालून वरपर्यंत सगळे रोप एकसारखे फिके, वाढ थांबलेली, कुंडीत वाफसा (मातीत ओल आणि हवेचा योग्य मेळ) ठीक: नत्राची कमतरता.
- पानांची टोके आणि कडा तपकिरी, मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर: क्षार साचले आहेत.
- पानाच्या खालच्या बाजूला जांभळट छटा, विशेषतः टोमॅटोत: थंडीत मुळे स्फुरद उचलत नाहीत. रात्री थंडगार पडणाऱ्या खिडकीतून रोप हलवले की बहुधा पुरते.
- पानाच्या मागे बारीक फोडासारखे उंचवटे: मुळे पाणी उचलतात, पण दमट हवेत पानातून ते बाहेर पडत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे नेहमी दिसते. हा रोग नाही.
- पाने वर वळून वाटीसारखी होतात: फुलकिडे. खाली वळून उलट्या होडीसारखी होतात: कोळी (रस शोषणारी अतिबारीक कीड).
- खोड मातीलगत बारीक होऊन रोप आडवे पडते: रोपकूज.

तपासणी १: कुंडी उचलून पाहा

खर्च शून्य आणि निदान सर्वांत मोठे, म्हणून इथे घाई नको. कोकोपीट असलेली माती वरून वाळलेली दिसते आणि दोन बोटे खाली चिंब असते. वरचा रंग पाहून पाणी घालणे हीच बहुतेक पिवळ्या रोपांची सुरुवात असते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. ओलसर लागले, बोटाला कण चिकटले, तर पाणी नको.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे वजन. कुंडीला पोटभर पाणी द्या, तासभर निथळू द्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. हे भरलेले वजन. पुढे रोज सकाळी वजन करत राहा आणि पाने किंचित मान टाकू लागतील त्या दिवशीचा आकडाही लिहून ठेवा. समजा चार इंची कुंडी भरलेली ४०० ग्रॅम आणि मान टाकताना २०० ग्रॅम भरली, तर ती २८० ते ३०० ग्रॅमच्या आसपास आली की पाणी द्यायचे. चार-पाच वेळा हे केले की हाताला अंदाज येतो आणि काटा लागत नाही. तीच कुंडी, तेच मिश्रण आणि तीच जागा असेपर्यंतच हे आकडे खरे. रोप मोठे झाले की पुन्हा मोजा.

पाणी देताना थोडे-थोडे रोज देऊ नका. घातलेल्या पाण्याचा दहा ते वीस टक्के भाग खालच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत एकदाच द्या, मग वजन उतरेपर्यंत थांबा. चार इंची कुंडीला बहुधा ८० ते १२० मिली पुरते. रोजच्या चमचाभर पाण्याने वरचा थर सतत ओला राहतो, तळाची मुळे कोरडी राहतात आणि वर चिलटे अंडी घालतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतली पोकळी पाण्याने भरली की ऑक्सिजन आत झिरपत नाही आणि श्वास कोंडलेली मुळे पाणी उचलायचे थांबवतात. ओल्या कुंडीत रोप कोमेजते ते यामुळे. अशा वेळी कोमेजलेले पाहून आणखी पाणी घालणे हा सर्वांत घातक उपाय.

उलटा प्रकारही असतो. माती पूर्ण वाळून आकसली की कुंडीच्या भिंतीपासून सुटते. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली येते, ताटलीत पाणी दिसते आणि पोट भरल्याचा भास होतो, पण वजन वाढलेले नसते. कुंडी दोन-तीन सेंटीमीटर पाण्याच्या ताटात २० ते ३० मिनिटे ठेवा, वरची माती ओलावली की काढून निथळू द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात आणि एसीच्या खोलीत हे वरचेवर घडते.

तपासणी २: निचरा आणि कुंडीचा आकार

कुंडी उलटी धरून भोके पाहा. रोपवाटिकेतून आणलेल्या प्लॅस्टिकच्या कुंडीला कधीकधी भोकांच्या नुसत्या खुणा असतात, ती उघडलेली नसतात. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत पाणी साचलेले असते आणि वरून दिसत नाही. ताटलीतले पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो, हा समज फार खोल रुजला आहे, पण तो खरा नाही. बारीक मातीच्या तळाशी एक चिंब थर नेहमी राहतो, आणि त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते. खाली खडी घातली की तो थर खाली जात नाही, उलट वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर माती अडवायला एक खापरी ठेवा, बस. निचरा हवा असेल तर मिश्रणातच भरड काहीतरी मिसळा. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे भरड कण) किंवा धुतलेली भरड वाळू हे कोवळ्या रोपांना मानवते. नुसती काळी माती कुंडीत घेऊ नका; ती ओली असताना हवा कोंडते आणि वाळल्यावर तडकून मुळे तोडते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चार पानांचे रोप थेट बारा इंची कुंडीत लावणे. इवलीशी मुळे एका कोपऱ्यातले पाणी पितात आणि बाकी कुंडी आठवडाभर ओली राहून आंबते. आधी तीन-चार इंच, मग सहा, मग दहा-बारा, अशी पायरी ठेवा.

तपासणी ३: पानाची मागची बाजू

भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहा. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदी हलकेच झटका. सरपटणारे पिवळसर लांबट ठिपके फुलकिड्यांचे. पानावर सुईच्या टोकाएवढे फिके ठिपके आणि मागे बारीक जाळी असेल तर लाल कोळी. शेंड्याचे पान खाली वळून जाड, ताठर झालेले असते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही, तेव्हा पिवळ्या कोळ्याचा संशय घ्या. तो साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. रोप हलवताच पांढरी धूळ उडाल्यासारखे वाटले तर पांढरी माशी.

ही पायरी खताच्या आधी येते, कारण रस शोषणाऱ्या किडीची पाने उपाशी रोपासारखीच फिकी दिसतात आणि नत्र दिले की कोवळी पालवी फुटून किडीचेच फावते. आधी पाण्याच्या फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुवा, दोन दिवसांआड तीन वेळा. त्याने भागले नाही तर लिटरभर पाण्यात २ ते ३ मिली कडुनिंबाचे तेल आणि १ मिली द्रवसाबण घुसळून संध्याकाळी फवारा. आधी एकाच पानावर मारून एक दिवस थांबा, कोवळे पान तेलाने करपू शकते. फवारल्यावर रोप एलईडीखाली लगेच ठेवू नका.

मातीवर घुटमळणारी काळी चिलटे पाने पिवळी करत नाहीत, पण त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात. शिवाय ती आली म्हणजे वरची माती सतत ओली आहे, हे पक्के. पिवळे चिकट कार्ड लावा, वरचे दोन सेंटीमीटर पूर्ण वाळू द्या. चहाचा चोथा, ताक, तांदळाचे धुवण कुंडीत ओतणे बंद करा. घरातल्या छोट्या कुंडीत ते कुजते आणि चिलटांना बोलावते.

तपासणी ४: प्रकाश

लांब, बारीक, खिडकीकडे झुकलेले फिके रोप प्रकाशाला आसुसलेले असते. कमी प्रकाशात ते पाणीही कमी पिते, म्हणून उन्हातल्या रोपाचे पाण्याचे वेळापत्रक त्याला लावले की मुळे कुजतात. साधी २० वॅटची पांढरी एलईडी पट्टी शेंड्यापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, दिवसाला १४ ते १६ तास, एवढ्यावर मिरचीची रोपे ठणठणीत वाढतात. याउलट घरातले रोप एकदम दुपारच्या उन्हात ठेवले की पानावर कागदासारखे पांढरे डाग पडतात. तो रोग नाही. सात ते दहा दिवसांत, सकाळच्या तासाभराच्या उन्हापासून सवय लावा.

तपासणी ५: पाण्याची प्रत

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर काही शेकड्यांत मिळतो आणि पीएचच्या, म्हणजे आम्ल-अल्कता दाखवणाऱ्या, पट्ट्या त्याहून स्वस्त असतात. दोन्ही घ्यावेत असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण शहरांतल्या अनेक सोसायट्यांत नळाला पालिकेचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळून येते आणि महिन्यागणिक बदलते. टीडीएस ५००च्या आत असेल तर रोपांना चालते. १००० च्या वर गेले तर कोवळ्या रोपाच्या कडा करपतात. आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याचा हेतू चांगला असला, तरी त्यात क्षार गोळा झालेले असतात. मोठ्या झाडांना अधूनमधून ठीक, कोवळ्या रोपांना नको. सॉफ्टनरमधून (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) आलेले पाणी तर अजिबात घालू नका, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते.

दख्खनच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात. ते हळूहळू मिश्रणाचा पीएच ७.५ च्या वर नेतात. मिरचीला ६ ते ६.८ लागतो. त्यापलीकडे मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि शेंडा पिवळा होतो. इथे पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले. ते नसेल तर लिटरला पाव ग्रॅम लिंबूसत्त्वापासून सुरुवात करून पट्टीने पीएच ६ ते ६.५ वर आणा. अंदाजाने लिंबू पिळू नका.

पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनला मात्र उगाच दोष दिला जातो. तेवढ्या प्रमाणात तो पाने पिवळी करत नाही.

तपासणी ६: मुळे

माती किंचित ओलसर असताना खोड दोन बोटांत धरून कुंडी उलटी करा, बाजू दाबून गोळा अलगद बाहेर घ्या. पांढरी किंवा मलईच्या रंगाची, ताठ मुळे आणि ओल्या मातीचा वास असेल तर मुळे ठीक. कोकोपीटने मुळांना तपकिरी छटा येते, म्हणून रंगावर निकाल देऊ नका. मूळ चिमटीत हलके ओढा: साल सुटून आत बारीक दोरा उरला, बोटाला बुळबुळीत लागले आणि कुबट वास आला तर ती कुज आहे.

अर्ध्याहून कमी मुळे कुजली असतील तर स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने ती कापा, जुने मिश्रण झटका, लहान कुंडीत नव्या मिश्रणात लावा आणि मुळांभोवती चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळलेले गांडूळखत घाला. चार-पाच दिवस थेट प्रकाश नको, दहा दिवस खत नको. अर्ध्याहून अधिक कुजली असतील तर रोप टाकून द्या. रोपकुजीचेही तसेच: आडवे पडलेले रोप उठत नाही. ते मातीसकट काढा, शेजारच्या रोपांचे पाणी कमी करा आणि त्यांच्याभोवती हवा खेळू द्या. पिथियमसारख्या बुरशीला साचलेले पाणी आणि कोंदट हवाच लागते. पुढच्या पेरणीला किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम या प्रमाणात ट्रायकोडर्मा चोळतात. घरच्या चिमूटभर बियांना बोटाच्या टोकावर मावेल तेवढे पुरे.

तपासणी ७: आता खत

वाफसा ठीक, कीड नाही, पाणी बरे, मुळे पांढरी, तरी पाने फिकी: आता खताचा विचार करा, आणि एका वेळी एकच.

खालून वर एकसारखे पिवळे होत असेल तर विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, दोन आठवड्यांनी एक ग्रॅम. कोरड्या मातीत खताचे पाणी कधीही घालू नका; आधी साधे पाणी, मग खत, नाहीतर मुळांची टोके भाजतात. युरियाचे दाणे कुंडीत टाकणे आणि न कुजलेले शेण घालणे दोन्ही वर्ज्य.

जुन्या पानांच्या शिरांमध्ये पिवळेपण असेल तर मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर, आठवड्याच्या अंतराने दोनदा. कोकोपीट न धुता वापरले असेल तर हे अपेक्षितच. नारळाच्या भुशात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असते आणि ती कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते. वीट भिजवून दोन-तीनदा धुवा आणि पिळून घ्या, मगच मिसळा.

शेंडा पिवळा असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता यावे म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेले लोह. पाकिटावर ईडीटीए लिहिलेले असेल तर ते साधारण साडेसहा पीएचपर्यंतच मातीत टिकते. बोअरच्या पाण्यावरच्या कुंडीत ते पानांवर फवारा, लिटरला अर्धा ग्रॅम. मातीतून द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे घ्या, ते अल्कधर्मी मातीतही विरघळलेले राहते. पाण्याचा पीएच सुधारला नाही तर तीन आठवड्यांत शेंडा पुन्हा पिवळा होईल.

कडा करपल्या असतील, पांढरा थर असेल, तर खत बंद आणि धुलाई: कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधे, कमी टीडीएसचे पाणी हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. त्यानंतर वजन उतरेपर्यंत थेंबही नको.

पिवळे झालेले जुने पान बहुधा पुन्हा हिरवे होत नाही. यश नव्या पानांत पाहायचे, आणि त्याला सात ते दहा दिवस लागतात. तेवढा धीर धरला नाही आणि तिसऱ्या दिवशी दुसरे औषध घातले, तर कशाने गुण आला आणि कशाने बिघडले, हे कळायची सोय राहत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

पाने लहान, चुरगळलेली, रोप खुजे आणि झुडपासारखे, पांढरी माशी आलेली: हा चुरडा-मुरडा, म्हणजे विषाणू असू शकतो. विषाणूवर औषध नाही. रोप लगेच वेगळे करा. निदान पक्के झाले तर पिशवीत बांधून टाका.

दोन-तीन दिवसांत अनेक कुंड्यांत एकाच वेळी लक्षणे दिसली, खोडावर बुडाशी तपकिरी कडे आले, किंवा वरच्या सातही तपासण्यांनंतर दोन आठवड्यांत नवे पान निरोगी आले नाही, तरी पुढे स्वतः प्रयोग करू नका. रासायनिक कीटकनाशक किंवा बुरशीनाशक घ्यायची वेळ आली तर ती मर्यादाच समजा. शेतासाठीची औषधे बंद खोलीत, मुलांच्या आणि स्वयंपाकघराच्या जवळ फवारायची नसतात, आणि या मिरच्या खायच्या आहेत.

जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, किंवा राहुरी, अकोला, दापोली, परभणी येथील कृषी विद्यापीठांचे वनस्पती रोगशास्त्र विभाग ही योग्य ठिकाणे. फोनवर विचारायचे असेल तर किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१, निःशुल्क आहे आणि मराठीत बोलता येते.

नमुना नेताना तोडलेले पान नको, मुळांसकट पूर्ण रोप न्या, शक्यतो एक आजारी आणि एक बरे. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजते. मुळांभोवती ओलसर कागद आणि वरून कोरडे वर्तमानपत्र गुंडाळा. सोबत स्वच्छ बाटलीत लिटरभर तेच पाणी न्या जे तुम्ही घालता, आणि एका चिठ्ठीवर लिहा: पेरणीची तारीख, मिश्रणात काय किती, पाणी किती दिवसांनी, टीडीएस आणि पीएचचे आकडे, गेल्या महिनाभरात घातलेले प्रत्येक खत आणि औषध त्याच्या प्रमाणासह.